अरबी येत नसताना गल्फमध्ये नोकरी: कोकणातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

गणपतीत गावी आलो की आरती झाल्यावर अंगणात कुणीतरी पोरगा हळूच शेजारी येऊन बसतो. आयटीआय झालेला असतो, लोट्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागलेला असतो. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारतो, "दादा, बाहेर जायचं तर अरबी शिकायला लागेल काय?"

दरवर्षी मी त्याला तेच सांगतो. कामाला अरबी फारशी लागत नाही, कागदाला लागते. मी चार वर्षं सौदीत आणि पाच वर्षं कतारमध्ये एसी टेक्निशियन म्हणून काढली. पहिल्या वेळी जे सोसलं ते काम न येण्यामुळे सोसलं नाही, वाचता न येणाऱ्या कागदावर सही केल्यामुळे सोसलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

१. भाषेशिवाय कुठे जमतं, कुठे जमत नाही

सौदी, यूएई, कतार, ओमान, कुवेत आणि बहरीन या सहा देशांत हाताच्या कामाला स्थानिक भाषेची अट सहसा नसते. साइटवर तुमच्या बाजूला नेपाळी, बांगलादेशी, पाकिस्तानी, बिहारी, तेलुगू माणसं असतात आणि फोरमन बरेचदा केरळचा असतो. या सगळ्यांची मिळून जी मोडकीतोडकी हिंदी होते, ती कॅम्पची, म्हणजे कामगारांच्या वस्तीची भाषा. ड्रॉइंग, मशीनवरच्या पाट्या आणि सेफ्टीचे फॉर्म इंग्रजीत असतात. म्हणून अरबीपेक्षा बोलायला हिंदी आणि वाचायला थोडं इंग्रजी आधी पक्कं करा.

एसी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, पाइप फिटर, सुतार, गवंडी आणि स्वयंपाकी यांना भाषा आडवी येत नाही. दुकानाचा काउंटर, रिसेप्शन आणि सरकारी कचेऱ्यांत फिरायचं काम यांना येते. ड्रायव्हरला तिथलं लायसन्स काढावं लागतं, त्यामुळे "इथलं लायसन्स चालतं" असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका.

हल्ली गावात जर्मनी आणि जपानच्या जाहिराती फिरतात. तिथे "भाषा लागत नाही, फक्त पैसे भरा" म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोय. जर्मनीच्या जून २०२४ मध्ये सुरू झालेल्या ऑपॉर्च्युनिटी कार्डालाही ए-वन (अगदी सुरुवातीच्या) पातळीचं जर्मन किंवा बी-टू (चांगल्या सरावाच्या) पातळीचं इंग्रजी लागतं. नर्सिंगला तर जर्मन भाषा पक्कीच लागते. जपानच्या कुशल कामगारांच्या व्हिसासाठी जपानी भाषेची परीक्षा असते. तिकडे जायचं तर वर्षभर भाषेला द्या आणि मग बोला. जहाजावर जायची वाट वेगळी आहे. तिथे कामाची भाषा इंग्रजी असते, पण सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) आणि ठरलेले कोर्स लागतात, म्हणून ते इथे घेत नाही.

२. पासपोर्ट

दहावी पास असाल तर अर्जाला दहावीचं सर्टिफिकेट जोडाच. म्हणजे पासपोर्ट ईसीएनआर (परवानगीची तपासणी लागत नाही) प्रकारात जातो. दहावी नसेल तर पासपोर्टवर ईसीआर (तपासणी लागते) येतं. मग गल्फचे सहा देश धरून एकूण १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जायची परवानगी घ्यावी लागते. पोरांना ईसीआर म्हणजे कमीपणा वाटतो, पण तसं काही नाही. ईसीआरवाल्याचा मालक, करार आणि विमा सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. ईसीएनआरवाल्याला विमानतळावर कुणी अडवत नाही आणि व्हिजिट व्हिसावर फसून गेलेल्यांत मी जास्त करून तीच पोरं बघितली.

आपल्याकडची नेहमीची गडबड नावाची. दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं, दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव अर्धंच. अर्ज करायच्या आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर ताडून बघा. पुढे व्हिसा, मेडिकल आणि बँक सगळं पासपोर्टवरच्या नावाने होतं आणि तिथे एका अक्षराचा फरक महिनाभर थांबवतो.

३. काम येतं हे न बोलता दाखवायची तयारी

मुलाखतीत तुमच्या बोलण्यावर कुणी मार्क देत नाही, ट्रेड टेस्ट महत्त्वाची. एसीवाल्याला तांब्याचा पाइप कापून फ्लेअर करायला सांगतात, ब्रेझिंग करायला लावतात, व्हॅक्यूम आणि गॅस चार्जिंग बघतात. मी पोरांना सांगतो की मोबाईलवर स्वतःच्या कामाचे दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ काढून ठेवा. चेहरा दिसला पाहिजे, हात दिसले पाहिजेत, आवाज नसला तरी चालेल. कतारच्या वेळी मला मुलाखतीत इंग्रजीत एक प्रश्न आला, तो मला कळला नाही. मी मोबाईल काढून व्हिडिओ पुढे केला. समोरच्या माणसाने जॉइंटवर बोट ठेवून मान हलवली आणि फॉर्मवर खूण केली.

सौदीला जाणाऱ्या एसी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर आणि ऑटो इलेक्ट्रिशियन यांना सौदी सरकारची स्किल व्हेरिफिकेशनची परीक्षा भारतातच द्यावी लागते. थोडी लेखी, थोडी हाताची. बुकिंग करताना परीक्षेच्या भाषेचा पर्याय नीट बघून निवडा, तो एजंटवर सोडू नका.

हत्यारांची नावं तीन भाषांत पाठ करा. आपला पाना म्हणजे स्पॅनर, आपली पक्कड म्हणजे प्लायर. पण कॅम्पात पक्कड मागितलीत तर कुणी ऐकणार नाही, तिथे ती 'प्लास'. स्क्रू ड्रायव्हर म्हणजे 'पेचकस'. एवढ्याने पहिल्या आठवड्यातली निम्मी अडचण सुटते.

अनुभवाचा दाखला कंपनीच्या लेटरहेडवर, तारखा आणि हुद्द्यासह घ्या. कंत्राटदार "नंतर देतो" म्हणत टाळतो. शेवटचा पगार हातात पडायच्या आधीच तो कागद घ्या.

४. एजंट खरा की खोटा

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर लायसन्सच्या नंबराने किंवा नावाने शोधा. लायसन्स आजही चालू आहे का तेही तिथेच दिसतं. नाव सापडलं तरी तिथला पत्ता आणि तुम्ही ज्या ऑफिसात बसला आहात तो पत्ता एकच आहे ना, हे बघा. खऱ्या लायसन्सचा नंबर चोरून छापणारेही आहेत.

एजंटाला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. तेही पावती देऊन. गावात मात्र "व्हिसाचा रेट" म्हणून दीड-दोन लाख सर्रास सांगितले जातात आणि लोक निमूट देतात. सौदीच्या कामगार कायद्यात माणूस आणायचा खर्च, इकाम्याची (तिथल्या राहण्याच्या परवान्याची) फी आणि काम संपल्यावर परतीचं तिकीट मालकाच्या नावावर आहे. यूएई आणि कतारमध्येही भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारायला बंदी आहे. तेव्हा "कंपनीला भरायचे आहेत" म्हणून कुणी रोख मागितली तर ती कंपनीच्या खिशात जात नाही.

आपल्याकडे एजंट सहसा थेट भेटत नाही. मामाच्या शेजाऱ्याचा मेहुणा भेटतो. तो तालुक्यातून पोरं गोळा करतो, मुंबईच्या कुणाकडे देतो आणि तो आणखी कुणाकडे. असे सब-एजंट नेमायला कायद्यात जागाच नाही. ओळखीच्या माणसाला लायसन्स विचारायचा संकोच वाटतो, मलाही वाटला होता. विचारा. खरा हितचिंतक रागावत नाही.

पैसे बँकेतूनच द्या. आणि घरच्यांशी भांडायची वेळ आली तरी एक गोष्ट करू नका: एजंटाच्या पैशासाठी हापूसची कलमं पाच-सात वर्षांच्या कराराने व्यापाऱ्याला देऊ नका. आमच्या वाडीत हे घडलंय. पोरगा दोन वर्षांत परत आला, कलमं आणखी पाच वर्षं दुसऱ्याच्या ताब्यात राहिली. दर मे महिन्यात आपल्याच झाडाखाली दुसऱ्याच्या पेट्या भरताना त्या घराला बघावं लागलं.

व्हिजिट व्हिसावर "जाऊन बघ, तिकडे नोकरीचा व्हिसा करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पकडले गेलात तर दंड, हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशबंदी होऊ शकते. पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

५. करार: इथे घाई करू नका

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून माझी हकीकत सांगतो.

२०१२ साली मुंबईत मला इंग्रजीतला कागद दिला. एसी टेक्निशियन, १,४०० रियाल. मी वाचला, सही केली. पासपोर्टवर सौदीचा व्हिसा चिकटवून आला, तो बहुतेक अरबीत. जायच्या आदल्या दिवशी हातात अरबीतला आणखी एक कागद आला, "सेमच आहे, सही कर." पगाराच्या जागी पहिला आकडा आपल्या १ सारखा दिसला. पुढे दोन टिंबं होती. एक दिसतोय म्हणजे एक हजार चारशेच असणार, असं मनाशी म्हणून मी सही केली.

दम्मामच्या कॅम्प ऑफिसात कोळिकोडचा एक क्लार्क होता. त्याने व्हिसा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू टेक्निशियन? यात तर आमिल शहन व तफ्रीग लिहिलंय." म्हणजे सामान चढवणारा-उतरवणारा हमाल. मग त्याने अरबी कागदातल्या आकड्यावर बोट ठेवलं. अरबी नऊ आपल्या मराठी १ सारखा दिसतो आणि टिंब म्हणजे शून्य. नऊशे रियाल. चार वर्षं मी एसी दुरुस्त केले, पण इकाम्यावर हमालच राहिलो आणि पगार वाढून वाढून हजारावर थांबला.

सुट्टीवर आलो तेव्हा जुन्या व्हिसाची झेरॉक्स घेऊन आमच्या गावच्या मोहल्ल्यातल्या चाचांकडे गेलो. बावीस वर्षं कुवेतला राहिलेला माणूस. त्यांनी चष्मा लावून मिनिटभरात सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "अरे, जायच्या आधी का नाही आलास?" माझ्या घरापासून त्यांचं घर पाच मिनिटांवर.

खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, राजापूर, कुठल्याही तालुक्यात गल्फला उभी हयात घालवलेली माणसं मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत. त्यांच्यासारखी मदत दुसरीकडे मिळणार नाही आणि कुणी त्याचे पैसे घेत नाही. कागद घेऊन जा. हल्ली मोबाईलचा कॅमेरा अरबी कागदावर धरला की भाषांतरही दिसतं, त्याचा उपयोग जरूर करा. पण हुद्दा आणि पगार या दोन ओळी माणसाकडूनच वाचून घ्या.

आकडे तर स्वतःला आलेच पाहिजेत. अर्ध्या तासाचं काम आहे. शून्य म्हणजे टिंब. एक म्हणजे उभी काठी. दोन आणि तीन जुळ्या भावांसारखे: दांडा तोच, डोक्यावर दोनाला एक खळगा आणि तिनाला दोन. चार म्हणजे उलटा काढलेला इंग्रजी तीन. पाच म्हणजे गोल, हुबेहूब आपलं शून्य, इथे फसू नका. सहा इंग्रजी सातासारखा. सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे उलटा व्ही. नऊ आपल्या १ सारखा. ओळ उजवीकडून डावीकडे चालते, पण संख्या आपल्यासारखीच डावीकडून वाचायची. १,५०० म्हणजे काठी, गोल, टिंब, टिंब.

आता करारात काय बघायचं. हुद्दा व्हिसावर आणि करारावर एकच हवा. पगारात 'बेसिक' किती आणि भत्ते किती हे वेगळं लिहिलेलं हवं. एजंट एकूण आकडा सांगतो आणि बेसिक लपवतो, पण ओव्हरटाइम आणि नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी बरेचदा बेसिकवर मोजतात. यूएईत पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, कतारमध्ये वर्षाला किमान ३ आठवड्यांचं. बेसिक कमी लिहिलं की ते नुकसान शेवटपर्यंत सोबत येतं. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान बेसिक १,००० रियाल आहे आणि राहणं-जेवण कंपनी देत नसेल तर ५०० आणि ३०० वेगळे द्यावे लागतात. त्यापेक्षा कमी लिहिलेला करार पुढे आला तर तिथेच बोट ठेवा.

रियाल कुठला तेही विचारा. ओमानचा एक रियाल सौदीच्या जवळपास दहा रियालांएवढा असतो. नुसता "दीडशे रियाल" हा आकडा ऐकून खूश किंवा नाराज व्हायचं कारण नाही.

कागद कुठल्या भाषेत मागता येतो? यूएईच्या कामगार मंत्रालयाची ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला कळणाऱ्या तिसऱ्या भाषेत मिळते. त्या यादीत मराठी नाही, हिंदी आहे. हिंदीच मागा. कतारसाठी मुंबईत कतार व्हिसा सेंटर आहे, तिथे बोटांचे ठसे, मेडिकल आणि कराराची सही एकाच जागी होते. मी गेलो तेव्हा ते नुकतंच सुरू झालं होतं. आता करार तिथल्या पडद्यावर दिसतो आणि आकडा बदललेला असेल तर सही न करता उठून येता येतं. मागे रांग असते, एजंटाचा माणूस बाहेर फोन करत असतो. तरी उठून या. सौदीला पोचल्यावर करार 'किवा' (Qiwa) नावाच्या सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि तो तुम्हाला स्वतःला बघता येतो. मंजुरी द्यायच्या आधी हुद्दा आणि पगार बघा.

६. मेडिकल आणि बाकीचे कागद

मेडिकल गल्फच्या मान्य सेंटरमध्येच होते. लोक त्याला अजून 'गामका' म्हणतात, नोंदणी आता वाफिद पोर्टलवर होते. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. लहानपणी टीबी होऊन गेला असेल तर एक्स-रेत जुना डाग दिसू शकतो, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांकडे एक्स-रे काढून बघा. "पास करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, तिथे पोचल्यावर पुन्हा तपासणी होते.

चालू नोकरीचा राजीनामा व्हिसा हातात येऊन त्यावरचा हुद्दा वाचून होईपर्यंत देऊ नका.

बरोबर न्यायचे कागद:
- पासपोर्ट, दोन वर्षं तरी मुदत शिल्लक असलेला
- व्हिसा आणि सही केलेल्या कराराची प्रत
- आयटीआयचं सर्टिफिकेट, लागत असेल तिथे परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन केलेलं
- अनुभवाचे दाखले
- पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, मागितलं असेल तर
- मेडिकल रिपोर्ट
- प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे बारा-पंधरा फोटो
- एजंटाच्या पावत्या

मूळ सर्टिफिकेटं मुंबईच्या ऑफिसात "ठेवून जा" म्हणाले तर ठेवू नका. प्रत द्या. फारच अडलं तर पावती घ्या.

विमा ईसीआरवाल्यांना सक्तीचा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं कवच, हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. एजंट याचेच दोन हजार लावतो, म्हणून आकडा लक्षात ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाचं एका दिवसाचं प्रस्थानपूर्व प्रशिक्षण फुकट असतं, ते चुकवू नका. शंका असेल तर मुंबईत बीकेसीच्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याचं) ऑफिस आहे, किंवा १८००-११-३०९० या मोफत नंबरवर विचारा. हिंदीत बोलता येतं.

७. बॅग भरताना खसखस

ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून वेगळी लिहितोय. गल्फच्या देशांत खसखस अमली पदार्थात मोडते. आपल्या मालवणी मसाल्यात खसखस असते. करंजीच्या सारणात असते, अनारशावर असते, डिंकाच्या लाडवांत असते.

कतारला जायच्या आदल्या रात्री आईने डबा भरला होता. मी विचारलं, लाडवांत खसखस घातलीस काय? ती म्हणाली, थोडीशीच, बाळंतिणीच्या लाडवांएवढी नाही. मी सगळे लाडू बाहेर काढले. तिने एक फोडून आतले पांढरे कण बघितले, काही बोलली नाही आणि रात्री अकरा वाजता बेसन भाजायला घेतलं. मसाला कांडपाला द्यायच्या आधीच आईला, बायकोला, वहिनीला हे सांगून ठेवा, म्हणजे कुणावर ती वेळ येणार नाही.

कोकम, सुके आंबोशीचे तुकडे, पोहे चालतात. खोकल्याची आणि दुखण्याची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका. कोडीन आणि ट्रामाडॉल असलेल्या गोळ्यांवर तिकडे कडक बंधनं आहेत. दुसऱ्याचं बंद पार्सल घेऊ नका, शेजाऱ्याचं असलं तरी उघडून बघा.

पावसाळ्यात विमान असेल तर एक दिवस आधी मुंबई गाठा. जूनमध्येच कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू चालतात आणि घाटात दरड आली की हायवेचाही भरवसा नाही.

८. तिथला पहिला महिना

पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. तो मालकाने ठेवून घ्यायला कतार, यूएई आणि सौदीत मनाई आहे. नोंदणीसाठी दिला तर परत केव्हा मिळणार हे विचारा आणि सगळ्या पानांचे फोटो घरच्यांना पाठवून ठेवा.

कळलं नाही तर मान डोलावू नका. मी पहिल्या ऑगस्टात हीच चूक केली. सुपरवायझर म्हणाला, "बुकरा" आणि युनिटकडे बोट दाखवलं. मला वाटलं बंद करून उघड म्हणतोय. बुकरा म्हणजे उद्या. चाळीस माणसांच्या खोल्यांचा एसी मी भर दुपारी उघडून बसलो, पार्ट दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्या रात्री कुणी झोपलं नाही. तेव्हापासून मी ऐकलेलं हाताने परत करून दाखवतो, हे बंद, आता, बरोबर? समोरचा हो म्हणेपर्यंत पाना लावत नाही.

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३, यूएईत त्याच तारखांना १२.३० ते ३, कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३०. मे महिन्यातला रत्नागिरीचा घाम काढलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला ऊन ते काय. ते ऊन वेगळं आहे. पाणी तहान लागायच्या आधी प्या.

अरबी शब्द तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त येतात. साबण तिथे साबून, हिशोब तिथे हिसाब, दुकान तिथे दुक्कान आणि तारीख तारीखच. बटाट्याला बताता म्हणतात. सरळ जा म्हणायला गल्फची माणसं 'सीदा' म्हणतात, तो आपल्याकडूनच गेलेला शब्द. त्यात आणखी थोडे घाला: फी म्हणजे आहे, मा फी म्हणजे नाही. खलास, संपलं. शुवय शुवय, हळूहळू. यमीन उजवा, यसार डावा. कहरबा म्हणजे वीज आणि खतर म्हणजे धोका. हे दोन आधी शिका, कुणी ओरडला तर हात मागे गेला पाहिजे. दवाम म्हणजे ड्युटी, इजाजा म्हणजे सुट्टी, मुदीर म्हणजे मॅनेजर, रातिब म्हणजे पगार. खोलीत केरळच्या माणसाशी दोस्ती करा, अरबी कचेऱ्यांतल्या पायऱ्या त्याला ठाऊक असतात.

गावच्या बँकेला तुम्ही परदेशी नोकरीला आहात हे कळवा. साधं खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं इथल्या पैशाचं खातं) करावं लागतं आणि पैसे पाठवायला एनआरई (तिकडच्या कमाईचं) खातं बरं.

पगार बँकेत किंवा कार्डावरच घ्या. वेतन खात्यातून दिलं की सरकारकडे नोंद राहते, रोख घेतलेल्याची तक्रार सिद्ध करता येत नाही. पगार अडला तर आधी कंपनीला लेखी, मग तिथलं कामगार खातं आणि भारतीय दूतावास. मदद या सरकारी पोर्टलवर घरूनही तक्रार टाकता येते, म्हणून कराराची एक प्रत घरी लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाच्या ताब्यात द्या.

पहिला पगार झाला की मोबाईलवर मेसेज येतो, बरेचदा अरबीत. काठी, गोल, टिंब जुळवून आकडा वाचा आणि त्याच दिवशी करारातल्या बेसिक आणि भत्त्यांशी ताडून बघा. कमी दिसला तर दुसऱ्या महिन्याची वाट बघत बसू नका. मेसेज आणि करार दोन्ही हातात घेऊन ऑफिसात जा आणि विचारा, "रातिब नाकिस, लेश?" पगार कमी आलाय, का?